वेबसाइटच्या पानांना नावं कशी द्यावीत : एका वाचनालयाच्या साइटवरून

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाची वेबसाइट नीट करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मेनूत सात शब्द होते : मुखपृष्ठ, आमच्याविषयी, उपक्रम, सेवा, सुविधा, माहिती, संपर्क. सेवा आणि सुविधा यांत फरक काय, असं ग्रंथपालबाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "ते साइट करणाऱ्या मुलालाच माहीत." आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात टेबलावरचा फोन तीनदा वाजला. वर्गणी किती? अभ्यासिका रविवारी चालू असते का? दिवाळी अंक कधीपासून देणार? तिन्ही उत्तरं साइटवर होती. वर्गणी 'माहिती'त होती, अभ्यासिका 'सुविधा'त आणि दिवाळी अंक 'उपक्रम'मध्ये. फोन करणाऱ्यांनी साइट उघडली असती तरी त्यांना ती सापडली नसती.

त्या साइटवरच्या पानांची नावं आम्ही कशी बदलली, ते इथे क्रमानं सांगतो. तुमची साइट पतसंस्थेची असो, शाळेची, आंब्याच्या पेट्या विकणाऱ्याची किंवा कोकणातल्या घरगुती निवासाची, रीत हीच लागू पडते.

एका पानाची चार नावं

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पानाचं नाव एकाच जागी नसतं. ब्राउझरच्या टॅबवर दिसतं ते टायटल, पानाच्या वर मोठ्या अक्षरात असतो तो मथळा, मेनूतला छोटा शब्द, आणि पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल. चारही जागी एकच शब्द हवा असं नाही, पण चौघांनी एकाच गोष्टीबद्दल बोलायला हवं. वर्गणीच्या पानाचं आम्ही शेवटी असं ठरवलं :

मेनूत : वर्गणी
मथळा : सभासद वर्गणी आणि अनामत
टायटल : सभासद वर्गणी आणि अनामत – वाचनालयाचं नाव, गावाचं नाव
पत्ता : 'वर्गणी' हा एकच शब्द, रोमन अक्षरांत

मेनूतला शब्द साइटच्या आतच वाचला जातो, त्यामुळे तो तोकडा असला तरी चालतो. वाचणाऱ्याला आपण कुठे आहोत ते माहीत असतं. टायटल मात्र घर सोडून एकटं फिरतं. गूगलच्या निकालांत, बुकमार्कच्या यादीत, ब्राउझरच्या हिस्ट्रीत, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्याखाली ते एकटंच दिसतं, आजूबाजूला ना मेनू ना बोधचिन्ह. 'माहिती' असं टायटल तिथे काय सांगणार? कशाची माहिती, कुणाची?

ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकाला तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, पान उघडताच सर्वांत आधी टायटलच वाचून दाखवतं. नेमकं पान उघडलं की दुसरंच, हे त्याला तेवढ्यावरून ठरवायचं असतं. म्हणूनच डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय सुगम्यता नियमावलीत, २००८च्या आवृत्तीपासून, पानाला विषय सांगणारं शीर्षक असणं ही अगदी पहिल्या, 'ए' पातळीची अट आहे. जाता जाता एक काम करून टाका : पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं नोंदवा. पुष्कळ तयार साच्यांत तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं आणि मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातं.

आधी काउंटरवर बसा

नावं संगणकासमोर बसून सुचत नाहीत. मी देवघेव विभागाच्या काउंटरमागे एक वही ठेवली आणि आठवडाभर येईल तो प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायला सांगितला. 'त्याच्याच शब्दांत' हे दोनदा बजावावं लागलं, कारण ग्रंथपाल मनातल्या मनात भाषांतर करतात. माणूस विचारतो, "मेंबर व्हायला काय लागतं?" आणि वहीत उतरतं, "सभासदत्वाच्या अटींबाबत पृच्छा."

आठवड्याअखेरीस वहीत 'वर्गणी' होती, 'डिपॉझिट' होतं, 'मेंबर', 'अभ्यासिका', 'पुस्तक आहे का ते बघायचंय', 'उशीर झाला तर दंड किती' असं सगळं होतं. जुन्या साइटवरचं 'सदस्यत्व शुल्क' एकदाही नव्हतं. 'सुविधा' हा शब्दही कुणी उच्चारला नव्हता. तो फक्त वेबसाइटवर आणि अहवालात राहतो.

दफ्तरातला शब्द आणि लोकांचा शब्द वेगळे असतील तर नावात लोकांचा घ्या आणि दफ्तरातला पानाच्या पहिल्या परिच्छेदात द्या. महसुली कागदांत 'गाव नमुना सात' आणि 'गाव नमुना बारा' असतात, माणूस तलाठ्याकडे जाऊन 'सातबारा' मागतो. 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' लागणारा विद्यार्थी 'डोमिसाइल' शोधतो. इंग्रजी शब्द रुळलेला असेल तर लाजायचं कारण नाही. आम्ही नावात 'अनामत' ठेवलं, कारण पावतीवर तेच छापलेलं आहे, आणि पानावरचं पहिलंच वाक्य लिहिलं : 'अनामत म्हणजेच डिपॉझिट, सभासदत्व सोडताना परत मिळतं.' दोन्ही शब्दांनी शोधणाऱ्याला पान मिळालं पाहिजे.

तुमच्याकडे काउंटर नसेल तर व्हॉट्सॲपवर आलेले जुने निरोप वाचा, फोन घेणाऱ्या माणसाला विचारा. साइट दोन-चार महिने चालू असेल तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ती यादी फुकट मिळते.

नाव सुचत नसेल तर पान तपासा

'सुविधा' या पानाला दुसरं नाव द्यायला बसलो आणि अडलो. त्यावर अभ्यासिका होती, बालविभाग होता, संदर्भ विभाग, झेरॉक्स आणि सभागृह भाड्यानं देण्याचे दर. या पाचांना एकत्र बांधणारा शब्द 'सुविधा'च. दोष नावात नव्हता, पानात होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा आणि बारशासाठी सभागृह बघणारा गृहस्थ यांना एकाच पानावर बोलावण्यात अर्थ नाही. आम्ही त्याची चार पानं केली. झेरॉक्सला वेगळं पान कशाला? तिचा दर एका ओळीत संपर्काच्या पानावर गेला.

प्रत्येक पानासाठी कागदावर एक वाक्य लिहा : 'हे पान ... या प्रश्नाचं उत्तर देतं.' रिकाम्या जागेत 'आणि' दोनदा आला की पान फोडा. दोन पानांची वाक्यं सारखी निघाली की एकत्र करा. 'इतर' नावाचं पान मात्र कधीही करू नका. घरातल्या 'इतर' खणासारखं त्यात सगळं जातं आणि बाहेर काही येत नाही.

टायटल लिहिताना नेमकं आधी, नाव मागे

जुन्या साइटवर प्रत्येक पानाचं टायटल 'शासनमान्य तालुका ब वर्ग सार्वजनिक...' असं सुरू व्हायचं. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखालच्या मान्यतेचा आणि वर्गाचा कार्यकारिणीला अभिमान असणं स्वाभाविक आहे, अनुदान त्यावरच ठरतं. पण टॅबवर मावतात दोन-तीन शब्द. पाच टॅब उघडले की पाचही टॅबवर 'शासनमान्य' एवढंच दिसायचं.

म्हणून जे या पानापुरतं वेगळं आहे ते सर्वांत पुढे, आणि जे सगळ्या पानांना समान आहे ते, म्हणजे संस्थेचं नाव आणि गाव, शेवटी. गावाचं नाव सोडू नका. गावोगावी एकाच थोर पुरुषाच्या नावाची वाचनालयं आहेत. आधीचं आणि नंतरचं असं काही :

'उपक्रम' होतं, 'दिवाळी अंक योजना : शुल्क आणि नियम' झालं.
'सुविधा'चं एक पान 'अभ्यासिका : वेळ, शुल्क, प्रवेश अर्ज' झालं.
'आमच्याविषयी'चं 'वाचनालयाचा इतिहास आणि कार्यकारिणी' झालं.
'डाउनलोड' होतं, त्याचं 'अर्जांचे नमुने' झालं.

लांबी किती असावी, असं नेहमी विचारतात. गूगलनं अक्षरांची मर्यादा ठरवून दिलेली नाही. निकालात जागा संपली की टायटल कापलं जातं आणि मोबाइलवर आणखी लवकर. पहिले तीन-चार शब्द स्वतःच्या पायांवर उभे राहिले तर पुढचं कापलं गेलं तरी बिघडत नाही. आणखी एक लक्षात ठेवा. टायटल रिकामं असेल, सगळ्या पानांवर एकच असेल किंवा पानाशी जुळत नसेल, तर गूगल ते बाजूला ठेवून मथळ्यातले किंवा पानावरचे इतर शब्द निकालात दाखवतं. ऑगस्ट २०२१पासून हे जास्तच जाणवू लागलं आहे. तेव्हा मथळा आणि टायटल भांडत नाहीत ना, ते बघा.

आता एक नाजूक विषय. मराठी संस्थांना काव्यात्म नावांचा सोस असतो. या वाचनालयाच्या बालविभागाचं नाव 'किलबिल' होतं आणि वार्ताफलकाचं 'अक्षरगंध'. नाव गोड आहे, मुलांना आवडतं, पण पुण्याहून बदली होऊन आलेली आई 'किलबिल'वर क्लिक का करील? मी ते काढा म्हटलं नाही, तसं म्हणून गावात टिकता येत नाही. 'बालविभाग – किलबिल' असा क्रम लावला. साधं नाव पुढे, लाडकं मागे.

'सभासद व्हा' यासारखं आज्ञार्थी नाव बटणाला शोभतं, पानाला नाही. आधीच सभासद असलेला, वर्गणी भरायला आलेला माणूस 'सभासद व्हा' वाचून पुढे जातो.

एका नावाची दोन पानं : गावांकडे बघा

ही अडचण आपल्या मुलखानं फार पूर्वी सोडवली आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की लोणी काळभोर, नगर रस्त्याला लागलं की लोणीकंद. पिंपळगावं ढिगानं, पण पिंपळगाव बसवंत म्हटलं की निफाड तालुक्यातलंच. मूळ नाव तसंच ठेवून पुढे ओळख जोडायची, एवढंच. मराठी विकिपीडियावरही एकाच नावाचे अनेक लेख असले की नावापुढे कंसात ओळख देतात आणि सगळ्यांकडे वाट दाखवणारं एक निःसंदिग्धीकरणाचं पान करतात.

ओळख कोणती जोडायची तिथे मात्र जपून. बुद्रुक म्हणजे थोरलं नि खुर्द म्हणजे धाकटं. शेजारच्या दोन वाड्यांत फरक करायला हे पुरतं, पण जिल्ह्याबाहेर कुणी नुसतं 'वडगाव बुद्रुक' म्हणालं तर कुठलं, हे पुन्हा विचारावंच लागतं. आमच्याकडे 'वेळापत्रक' नावाची दोन पानं होती, आणि कुणीतरी फरक कळावा म्हणून एकाला 'वेळापत्रक २' केलं होतं. ते 'देवघेव विभागाची वेळ' आणि 'अभ्यासिकेची वेळ' असं झालं. नावापुढचा आकडा फरक आहे एवढंच सांगतो, तो काय आहे ते सांगत नाही.

पत्ता : देवनागरी की रोमन

इथे मराठी साइटवाल्यांची खरी गोची होते. पत्त्यात देवनागरी चालते, गूगललाही चालते, आणि २०१४पासून '.भारत' हे देवनागरी डोमेनही मिळतं. ब्राउझरच्या पट्टीत असा पत्ता सुरेख दिसतो. तो कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रूप पालटतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात : एक टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं. म्हणजे एका चिन्हाची नऊ. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजायचे. 'वर्गणी' या शब्दात व, र, हलन्त, ग, ण आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं आहेत. व्हॉट्सॲपवर त्यांची चोपन्न अक्षरांची टक्के-टक्के झालेली माळ जाते. ती बघून आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी हा फसवणुकीचा मेसेज असल्याचं गटावर जाहीर केलं होतं.

वर्डप्रेस वापरत असाल तर आणखी एक खोच आहे. तिथे पानाच्या पत्त्यासाठी दोनशे चिन्हांची जागा असते आणि ही माळ त्यातच मोजली जाते. देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं मावतात, पुढचं छाटलं जातं. मथळ्यावरून वर्डप्रेसनं आपोआप बनवलेला लांब मराठी पत्ता शब्दाच्या मध्येच तुटलेला दिसतो, तो यामुळे.

माझं मत सांगतो. टायटल, मथळा, मेनू मराठीतच, देवनागरीतच. पत्ता मात्र रोमन अक्षरांत, एक किंवा दोन शब्दांचा, कारण तो फोनवर सांगावा लागतो, पावतीवर छापावा लागतो, फलकावर रंगवावा लागतो. शब्द मराठीच ठेवा, फक्त लिपी रोमन. 'वर्गणी'चं 'मेंबरशिप फी' करायची गरज नाही. रोमन स्पेलिंग कसं करायचं याचा एक नियम ठरवून वहीत लिहून ठेवा, नाहीतर कुणी 'आ'साठी एक 'ए' घालतं, कुणी दोन. सगळी अक्षरं लहान लिपीतली घ्या. बऱ्याच सर्व्हरवर मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळी धरली जातात. शब्दांमध्ये आडवी रेघ, म्हणजे हायफन वापरा. गूगलचीही शिफारस तीच आहे. अंडरस्कोअर, म्हणजे अक्षरांच्या तळाशी येणारी रेघ, दुव्याच्या अधोरेखेत बुडून जाते आणि तिथे नुसती मोकळी जागा आहे असं वाटतं.

ज्यांची साइट मुख्यतः वाचायलाच आहे, जसं विकिपीडिया, त्यांनी देवनागरी पत्ता जरूर ठेवावा. त्यांचे दुवे कुणी तोंडी सांगत नाही.

सारखे दिसणारे, पण सारखे नसलेले शब्द

देवनागरी पत्ता घ्यायचा ठरवलाच, किंवा साइटवर स्वतःची शोधपेटी असेल, तर हे वाचाच. 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात 'ॲ' हे एकच चिन्ह असतं, दुसऱ्यात 'अ' लिहून वर अर्धचंद्र दिलेला असतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. 'दुसऱ्या', 'सुधारणाऱ्या' यांतल्या अर्ध्या र-चंही तेच. कुणाचा कीबोर्ड नुक्तेवाला 'ऱ' वापरतो, कुणाचा साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. एका पद्धतीनं बनवलेला पत्ता दुसऱ्या पद्धतीनं टंकला तर 'पान सापडलं नाही' येतं आणि टंकणारा दहा वेळा अक्षर न् अक्षर तपासून हैराण होतो.

उपाय साधा : पत्त्यात असे शब्द टाळा. शीर्षकात हवे असतील तर संस्थेतल्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचं ठरवा.

विभक्तीचाही विचार करा. 'वाचनालयाच्या अभ्यासिकेतील प्रवेशाबाबत' या नावात 'वाचनालय', 'अभ्यासिका', 'प्रवेश' यांतला एकही शब्द मूळ रूपात नाही. 'अभ्यासिका प्रवेश' लिहिलं की शोधणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे भेटतात. 'बाबत', 'विषयी', 'संदर्भात' ही शेपटं कार्यालयीन पत्राच्या विषयाला शोभतात, पानाच्या नावातून निर्दयपणे कापा.

दरवर्षी येणारी पानं

दिवाळी अंकांची योजना दर वर्षी येते आणि दर वर्षी कुणीतरी नवं पान करतं. जुन्या साइटवर अशी सहा पानं साचली होती. गूगलवर शोधलं की चार वर्षांपूर्वीचं शुल्क वर यायचं आणि लोक तेवढेच पैसे मोजून आणायचे.

पान कोणत्या जातीचं आहे ते आधी ठरवा. काही पानं 'आत्ता काय चालू आहे' ते सांगतात : वर्गणी, वेळ, दिवाळी अंक योजना. यांच्या पत्त्यात साल नको. पान एकच, मजकूर दर वर्षी बदलायचा, आणि साल फक्त मथळ्यात : 'दिवाळी अंक योजना २०२५'. काही पानं घडून गेलेल्याची नोंद असतात : वार्षिक अहवाल, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, व्याख्यानमाला. यांच्या टायटलमध्ये आणि पत्त्यातही साल हवंच. आर्थिक वर्ष असेल तर '२०२४-२५' असं पूर्ण. नुसतं 'अहवाल २०२४' म्हटलं की मार्चमध्ये संपलेलं वर्ष की एप्रिलमध्ये सुरू झालेलं, यावर सभेत अर्धा तास जातो.

'नवीन', 'ताजे', 'सुधारित', 'अंतिम' हे शब्द नावात घेऊ नका. 'नवीन नियमावली' नावाचं पान मी उघडलं तेव्हा ते सात वर्षांचं झालं होतं.

जोडलेल्या फायली

पीडीएफलाही हेच सगळं लागू. स्कॅनरनं दिलेलं 'स्कॅन ००४' हे नाव चढवण्यापूर्वी बदला. शिवाय पीडीएफच्या आत शीर्षकाची वेगळी नोंद असते आणि ब्राउझरच्या टॅबवर बहुधा तीच दिसते. आमच्या प्रवेश अर्जाच्या टॅबवर 'मायक्रोसॉफ्ट वर्ड' आणि त्यापुढे दुसऱ्याच संस्थेच्या अर्जाचं नाव झळकत होतं. अर्ज कुठून उचलला होता ते सगळ्या गावाला दिसत होतं. वर्डमध्ये फाइलच्या माहितीत जाऊन शीर्षक भरा आणि मग पीडीएफ करा.

जुनी नावं बदलताना

टायटल, मथळा, मेनू केव्हाही बदला. पत्ता बदलताना थांबा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८मध्येच बजावलं होतं की चांगला पत्ता बदलत नाही. ज्याचं पुढे बदलणं अटळ आहे, म्हणजे लेखकाचं नाव, मजकुराची अवस्था, फाइलचा प्रकार, ते पत्त्यात घालूच नका, असा त्यांचा सल्ला होता.

तरी बदलावाच लागला तर दोन रकाने आखा. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. प्रत्येक जुन्यावरून नव्याकडे कायमची वाट लावा, तिला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याचा आळस करू नका. वर्गणी बघायला आलेल्याला दारात नेऊन सोडण्यासारखं आहे ते. वर्डप्रेस 'पोस्ट'चा जुना पत्ता स्वतः लक्षात ठेवतं, 'पेज'च्या बाबतीत त्यावर विसंबू नका, प्लगइन लावून हातानं नोंद करा.

शेवटची तपासणी स्वस्तातली आहे. सगळ्या पानांची टायटलं एका कागदावर छापा, बाकी काही नको. कागद साइट कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या आणि काउंटरच्या वहीतले प्रश्न एकेक विचारा : हे उत्तर कोणत्या पानावर असेल? आम्ही तो वाचनालयासमोरच्या झेरॉक्सवाल्याला दिला. बारापैकी दहा प्रश्नांना त्यानं लगेच बोट ठेवलं. 'उशीर झाला तर दंड किती' याला तो 'वर्गणी' आणि 'नियम' यांच्यात घुटमळला, म्हणून 'नियम'चं 'पुस्तक देवघेवीचे नियम आणि विलंब दंड' केलं. आणि बारावा प्रश्न ऐकून त्यानं कागद उलटा करून पाहिला. पुस्तक आहे की नाही ते बघायचं पान कुठाय? ते आम्ही केलेलंच नव्हतं.